गोळ्यांची सोयरीक

माझी बायको पाच महिने माझ्यावर ओरडली नव्हती. हे कुणाला सांगितलं की समोरचा हसायचा. "नशीबवान आहात मगदूम," म्हणायचा. मीही वरवर हसायचो आणि मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडायचो.

"ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" एवढं एक वाक्य कानावर पडावं म्हणून मी एकदा मुद्दाम टॉवेल पलंगावर टाकून बघितला. त्रिशला खुर्चीत बसली होती. तिनं टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. शेवटी टॉवेल मीच उचलून दोरीवर टाकला.

मी धनपाल मगदूम. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बत्तीस वर्षं फार्मासिस्ट, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्य फार्मासिस्ट. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, चौकशी अजून चालू आहे. त्रिशला शाळेत पी.टी.ची बाई होती. खो-खोच्या मैदानावर तिला कधी कर्णा लागला नाही. आमच्या लग्नात अंतरपाटाच्या पलीकडून "जरा वर धरा हो, वाकडा झालाय" असं माझ्या मामालाच सुनावणारी नवरी ती. मामा मरेपर्यंत तिला वचकून होते.

बारा वर्षांपूर्वी तिला पार्किन्सन झाला. यात मेंदूतलं एक रसायन हळूहळू कमी पडत जातं. हात थरथरतो, पाऊल जमिनीला चिकटून बसतं, चेहऱ्यावरचे भाव जातात आणि आवाज खाली खाली जातो. यावर थेलोमिन नावाची एक जुनी पिवळी गोळी होती. सकाळी सातला गोळी दिली की पाऊण तासात त्रिशला हजर! मग पुढचा दीड तास ती अख्ख्या दिवसाचं बोलून घ्यायची. माझी दाढी नीट झाली नाही इथपासून धाकट्या नणंदेनं दिवाळीत काय टोमणा मारला होता इथपर्यंत. त्याच दीड तासात तिचे हात उडायचे, मान डोलायची, तोल जायचा. दोनदा पडली, एकदा मनगट मोडलं. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोलू, मला तो दीड तास हवा होता.

आणि मग ती गोळीच आमच्या यादीतून गेली. ती कशी गेली ते सांगायचं तर आधी 'पारख'बद्दल सांगायला पाहिजे.

मोठ्या हॉस्पिटलात दोन-अडीच हजार औषधं लागतात. त्यातली कुठली ठेवायची, कुठली काढायची हे पूर्वी औषध समिती ठरवायची. समिती म्हणजे पाच डॉक्टर, मी आणि मोठी बशीभर बिस्किटं. ज्या डॉक्टरांचा आवाज मोठा, त्यांचं औषध यादीत राहायचं. तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या पाच जिल्ह्यांतल्या चाळीस हॉस्पिटलांनी मिळून 'पारख' नावाची संगणकप्रणाली घेतली. प्रत्येक औषधाच्या पाकिटावर कोड असतो, तो कुठल्या रुग्णाला गेला हे पारखला कळतं. रुग्णाच्या मनगटावर एक पट्टा. तो झोप, पावलं, पडणं-झडणं सगळं कळवतो. दिवसात माणूस किती शब्द बोलला तेही मोजतो. काय बोलला ते नाही, फक्त किती बोलला ते.

मग पारख जोड्या लावतं. समजा, अथणीचा एक सत्तर वर्षांचा म्हातारा 'अ' गोळी घेतो. पारख चाळीस हॉस्पिटलांत त्याच्यासारखाच दुसरा म्हातारा शोधून काढतं, तेच वय, तोच आजार, तितकीच साखर, पण 'ब' गोळी घेणारा. दोघांचं पुढं काय झालं ते ताडून बघतं. अशा हजारो जोड्या. एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही गोळ्या देऊन बघता येत नाही, त्यावर काढलेली ही युक्ती. दर तीन महिन्यांनी पारख सांगतं, हे औषध ठेवा, हे काढा. मी या धंद्यात जन्म घालवलाय, म्हणून सांगतो, काम चोख होतं. तीन महागडी आणि कुचकामी अँटिबायोटिक्स पारखनं पहिल्याच फेरीत बाहेर काढली. मी स्वतः टाळ्या वाजवल्या.

पण नव्या व्यवस्थेत एक नियम आला. ज्या औषधाबद्दल पारखला खात्री नाही, त्यावर दर महिन्याला मोठ्या न्यूरॉलॉजिस्टची सही लागणार. थेलोमिन त्यात गेलं. त्याच्या जागेला एक्झाव्हेट नावाची नवी पांढरी गोळी होती, तिला सही नको. आता आमचे मोठे साहेब बसायचे मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि जतहून पहाटेची एसटी धरून आलेली म्हातारी माझ्या खिडकीत उभी राहायची सोमवारी. तिला काय सांगू, उद्या परत ये म्हणून? सही नसेल तर संगणक थेलोमिन सोडायचाच नाही. मग मी संगणकात एक्झाव्हेट लिहायचो आणि हातात पिवळी पट्टी द्यायचो. महिनाअखेरीला साठ्यातला फरक 'खराब निघाल्या', 'जादा आल्या' असं लिहून जुळवून टाकायचो. आमच्या खिडकीवर याला नाव पडलं होतं, गोळ्यांची सोयरीक. "काका, सोयरीक आली," असं माझी सहकारी शबाना मुल्ला आतून हसत ओरडायची. माझ्या मते ते पुण्याचं काम होतं.

यंदा पारखनं सांगितलं, थेलोमिन काढा. चाळीस हॉस्पिटलांनी काढलं. कंपनीनं गोळी बाजारातून उचलली. मी हुबळीपासून मुंबईपर्यंत ओळखीच्या सगळ्या दुकानांत फोन केले, एक पट्टी मिळाली नाही. त्रिशलाला एक्झाव्हेट सुरू झालं. हात शांत झाले, मान शांत झाली, पडणं थांबलं, झोप लागायला लागली. आणि बोलणं गेलं. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. पुढं पुढं ओठ हलवायचंही तिनं सोडून दिलं.

पाच महिने मी कळ काढली. मग एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथं डॉ. इरावती केळुसकर बसायच्या. पारखचं काम त्यांच्याकडे. कणकवलीकडच्या, वय पस्तिशीचं, बोलायला गोड. मी काही गोड बोलायला गेलो नव्हतो.

"मॅडम, तुमच्या मशीनला काही काळीज-बिळीज आहे का? पडली किती वेळा ते मोजता, झोपली किती तास ते मोजता. माणूस घरात मुका झाला, ते कोण मोजणार?"

त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारला. "बसा ना काका. शब्द मोजतो आपण. थेलोमिन काढताना ते बघितलं होतं मी. उलट त्यातच एक्झाव्हेट सरस निघालं."

"कसं शक्य आहे?"

"हे बघा." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "चाळीस हॉस्पिटलांत पार्किन्सनचे सगळ्यात जास्त रुग्ण आपल्याकडे, निकाल त्यांच्यावरच ठरला. एक्झाव्हेटवाले आपले एकशे सत्त्याऐंशी रुग्ण. दिवसाला सरासरी चार हजार शब्द. मस्त बोलायचे. आणि थेलोमिनवाले एकोणचाळीसच, ते बोलायचेही कमी आणि पडलेलेही जास्त. गेल्या पाच महिन्यांत या एकशे सत्त्याऐंशी जणांचे शब्द उतरलेत खरे, पण पारखचा अंदाज आहे की आजार पुढं सरकला असावा. वर्ष-दीड वर्षात नक्की कळेल."

मी नावं आणि गावं वाचली. जत, जत, कवठेमहांकाळ, अथणी, परत जत. सोमवारची म्हातारी. तिच्यामागं उभा राहणारा निवृत्त पोस्टमन. गुरुवारी येणारे दोघं भाऊ. एकूण एक माणूस माझ्या खिडकीतला. पिवळी गोळी बंद होईपर्यंत यांच्या पोटात एक्झाव्हेट कधी गेलंच नव्हतं. चार हजार शब्द पिवळ्या गोळीचे होते आणि मी ते माझ्या हातानं पांढऱ्या गोळीच्या नावावर लिहिले होते. आणि ते एकोणचाळीस? ते मंगळवार-शुक्रवार बघून सही घेणारे, म्हणजे वॉर्डात पडलेले अत्यवस्थ रुग्ण आणि स्टाफच्या घरचे. त्रिशला त्यांच्यात होती. तिच्या सह्या मी स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन घ्यायचो. तिचं मोडलेलं मनगट थेलोमिनच्या विरोधात मोजलं गेलं होतं.

मशीननं सगळं मोजलं होतं. खोटं मी सांगितलं होतं.

"काका, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"नको," म्हटलं, आणि खाली आलो.

खाली येऊन शबानाला सगळं सांगितलं. ती आधी पांढरीफटक पडली आणि मग भडकली. "काका, आठ महिन्यांत तुम्ही रिटायर होणार. लायसन्स जाईल, अब्रू जाईल. दीड वर्षात त्या मशीनला आपोआप कळणार आहे म्हणतात ना? मग गप बसा की!"

"दीड वर्षानं त्रिशलाच्या घशात काही उरणार नाही गं."

"आणि माझं काय?"

"सगळ्या नोंदी माझ्या पासवर्डवर आहेत. तुझं नाव कुठंच नाही."

ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत राहिली. "पेशंटचे फोन नंबर काढायला लागतील," शेवटी म्हणाली. "ते मी काढते."

त्याच दुपारी मी परत वर गेलो आणि इरावतीमॅडमना सोयरीक समजावून सांगितली. त्यांनी पडद्यावरची यादी पहिल्यापासून परत वाचली. मग म्हणाल्या, "काका, चाळीस हॉस्पिटलांनी या आकड्यांवर विश्वास ठेवला. मी ठेवला." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मला निलंबनाचं पत्र मिळालं आणि त्याबरोबर एक काम. कुणाला कुठल्या महिन्यात खरंच काय दिलं, ते एकेका रुग्णाला विचारून लिहून द्यायचं.

अकरा दिवस मी आणि शबाना फोन करत होतो. प्रश्न एकच, "पिवळी घेत होता की पांढरी?" खेड्यातली माणसं गोळीचं नाव विसरतात, रंग विसरत नाहीत.

अथणीच्या एका घरी सुनेनं फोन घेतला. "पिवळी होती तवा मामंजी दिवसभर भांडत होते वो. आता गप बसत्यात. भांडलेलं परवडतंय, पिवळीच द्या की." मला तिकडं जाऊन तिच्या पाया पडावंसं वाटलं. कवठेमहांकाळची एक आजी मात्र खोल आवाजात एकेक शब्द जोडत म्हणाली, "पांढरीच बरी बाबा. पिवळीनं हात लई उडायचा. चारचौघांत लाज वाटायची." मी तेही लिहून घेतलं आणि पुढचा नंबर फिरवला.

दुरुस्त नोंदी पारखमध्ये भरल्यावर उत्तर यायला नऊ मिनिटं लागली. इतकी वर्षं मी बिस्किटं खात समितीत बसलो, पण त्या नऊ मिनिटांइतकी माझी कधी तंतरली नव्हती. उत्तर आलं, थेलोमिन परत ठेवा. सगळ्यांना नाही, पण एकशे सत्त्याऐंशीपैकी एकशे बारा जणांना त्याचा नक्की फायदा. कंपनीच्या गोदामात शेवटची बॅच पडून होती, ती चाळीस हॉस्पिटलांनी मागवली. प्रत्येक रुग्णाच्या नावापुढं पारखनं वेगळा सल्ला दिला होता. त्रिशला मगदूम, वय एकसष्ट, आजाराचं बारावं वर्ष. फायदा आणि धोका जवळपास सारखे. रुग्णाच्या इच्छेनुसार ठरवावं.

"सात दिवस देऊन बघू," इरावतीमॅडम म्हणाल्या. माझ्यावरचा राग त्यांनी गिळला होता की नाही माहीत नाही, पण घरी आल्या. त्रिशलासमोर गुडघ्यावर बसून विचारलं, "काकू, जुनी गोळी परत सुरू करून बघायची का?" त्रिशलानं मान हलवली. ती त्या दिवसांत सगळ्यालाच मान हलवायची. मला तेवढं पुरे होतं.

पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी उजवा हात थोडा उडाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो होतो. तिचा चेहरा सैल झाला, डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं आणि ती खाकरली.

"अहो," ती म्हणाली.

मला हुंदका आला. बासष्ट वर्षांचा बाप्या मी, तोंडावर हात धरून रडायला लागलो.

"रडू नका. वेळ कमी आहे," ती म्हणाली. आवाज फाटका होता, पण तिचाच. "मला किती दिवसांचं बोलायचंय."

"बोल. वाटेल ते बोल. ओरड माझ्यावर."

"ओरडणारच आहे. पाच महिने या घरात कुणी एक शब्द बोललं नाही."

"अगं, तुझा आवाजच गेला होता..."

"माझा गेला होता. तुमचा कुठं गेला होता?"

मी स्टूल पुढं ओढलं.

"सकाळी गोळी. मग भाताचे चार घास. मग टीव्ही लावायचा आणि तुम्ही बाहेर. मला विचारायचात काय, तर बाथरूमला जायचंय का. कान शाबूत होते माझे. रोज वाट बघायची मी, आज तरी काही सांगतील. ऑफिसात काय झालं, शबाना काय म्हणाली. जिन्यात शेजाऱ्यांशी मनसोक्त बोलायचात, ते मला ऐकू यायचं. दार उघडून आत आलात की गप्प!"

खरं होतं. ती उत्तर देणार नाही म्हणून मी बोलणं सोडून दिलं होतं. तिचा आवाज गेला म्हणून मी हॉस्पिटल डोक्यावर घेतलं, नोकरी घालवली, आणि घरात तिच्याशी एक धड वाक्य बोललो नाही. ती माझ्या बोलण्याची वाट बघत असेल, हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच." तिचा डावा हात उडून खुर्चीच्या दांडीवर आपटला. मान डोलायला लागली होती. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "हे बघितलंत? बघा नीट. तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत होतं, हे कधी दिसलं नाही. आता पडेन, मग पडेन, दीड तास जीव मुठीत धरून बसायचे मी. निम्मं ओरडणं त्या भीतीचं होतं. त्या पांढऱ्या गोळीवर मी पाच महिने शांत झोपले. माझं अंग माझं होतं." तिनं दम घेतला. "उद्यापासून पांढरी द्या."

"त्रिशला, असं नको. अजून चार दिवस आहेत. डोस कमी करून बघू, साहेबांना विचारू—"

"मला विचारा."

 तिचं सगळं शरीर हलत होतं आणि नजर तेवढी माझ्यावर स्थिर होती.

"मग तू बोलणार नाहीस," मी म्हटलं. लहान पोरासारखा रडवेला आवाज निघाला माझा.

"नाही बोलणार. तुम्ही बोला की."

राहिलेल्या वेळात ती पुष्कळ बोलली. कपाटातल्या कुठल्या साड्या पुतणीला द्यायच्या ते सांगितलं. मी निलंबित झालो ते तिला माझं शबानाशी फोनवरचं बोलणं ऐकून कळलं होतं, त्यावर म्हणाली, "खरं सांगितलंत ते बरं केलंत, पण तीन वर्षं उशीर केलात." तिच्या आईच्या आजारपणात मी तिला माहेरी राहू दिलं नव्हतं, ते सव्वीस वर्षांपूर्वीचं भांडणही उकरून काढलं आणि या वेळी मी वाद घातला नाही. सव्वानऊच्या सुमाराला आवाज बसायला लागला. शब्द अर्धे येऊ लागले. मी तिच्या तोंडाशी कान नेला. शेवटचं जे नीट ऐकू आलं ते, "डाळीत मीठ कमी घालत जा." त्यानंतर ओठ नुसते हलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पांढरी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती घेतली. टीव्ही लावायला हात पुढं गेला होता, तो मागं घेतला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. बत्तीस वर्षं खिडकीतून लोकांना जेवणानंतर, जेवणाआधी, दिवसातून दोनदा, एवढंच सांगत आलेला माणूस मी. काय बोलावं ते सुचेना. तिचे डोळे माझ्यावर होते, ती थांबली होती.

"खालच्या चौगुल्यांनी कुत्रा आणलाय," मी म्हटलं. "तांबडा. एक कान उभा, एक पडलेला."

तिनं डोळे मिचकावले. मग त्या कुत्र्याबद्दल मी तिला अर्धा तास सांगितलं.